पेंढ्याचा हिशेब: या चुका टाळा

भात झोडून झालं की वाडा, मुरबाड, कर्जतकडचा पेंढा मुंबईच्या वाटेला लागतो. गोरेगावच्या तबेल्यांना तो वैरणीला हवा, मुलुंडच्या गच्चीवरच्या बागांना आच्छादनाला. चुका मात्र दर हंगामात त्याच.

सगळ्यात महाग चूक म्हणजे ओल्या मालाचं वजन खरं मानणं. नुकत्याच कापलेल्या पेंढ्यात निम्मं किंवा त्याहून जास्त पाणी असू शकतं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडून गेलेला असतो, शेतकऱ्याला शेत मोकळं करायची घाई, गाडीवाल्याला पुढच्या फेरीची. काट्यावर 4 टन भरतात आणि त्याच आकड्यावर वर्षाच्या वैरणीचा हिशेब मांडला जातो. 50 टक्के पाणी असेल, तर तो माल 15 टक्के ओलाव्यावर आला की 2.35 टनच उरतो. वैरण फेब्रुवारीतच संपायला लागते आणि मग मिळेल त्या भावाने गवत घ्यावं लागतं.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ओला पेंढा ताडपत्रीखाली दाबून रचला की गंजी आतून तापते, बुरशी धरते, म्हशी तोंड लावत नाहीत. आतलं तापमान 70 अंशांच्या वर गेलं तर गंजी आपोआप पेटू शकते. नव्या गंजीत लोखंडी सळई खोल खुपसून अर्ध्या तासाने बाहेर काढा. हाताला चटका बसला तर गंजी सावधपणे मोकळी करा आणि पाणी हाताशी ठेवा. ताडपत्री घालायची ती फक्त वरून, बाजू उघड्या हव्यात. खाली फळ्या नाहीतर विटा हव्यातच.

ओलावा काढायला यंत्र लागत नाही. गाडीच्या वरून, मधून आणि तळातून मिळून 1 किलो पेंढा घ्या, उन्हात पातळ पसरा, रोज दुपारी वजन करा. सलग दोन दिवस वजन तेच आलं की माल वाळला. सकाळी वजन करू नका, मुंबईच्या हवेत पेंढा रात्रभरात दमट होतो. नमुना 600 ग्रॅमवर थांबला, तर 4 टनांचे 2.4 टन धरा आणि भाव त्यावर ठरवा.

दुसरी चूक अंदाजाची. ‘जेवढं भात तेवढा पेंढा’ हे गणित जया, रत्ना अशा ठेंगण्या वाणांना बरंचसं लागू पडतं. उंच जुन्या वाणांत पेंढा दाण्याच्या दीडपटीपर्यंत जातो. त्यात विळ्याने जमिनीलगत कापलं तर सगळा हाती येतो, कापणी यंत्राने फूटभर धसकट शेतातच राहतं. म्हणून 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट शेतात पाच जागी टाका, बांधाकडेच्या ओळी सोडून. नेहमी कापता त्याच उंचीवर कापा, झोडा, वाळवा, मोजा. चौरस मीटरला सरासरी 500 ग्रॅम आला तर गुंठ्याला 50 किलो, एकरी 2 टन. नजरेने अंदाज सांगणाऱ्यांवर विसंबू नका, उभं पीक नेहमी जास्त वाटतं.

आणि हा सगळा पेंढा विकायचा नसतो. भाताने उचललेल्या पालाशपैकी (म्हणजे पोटॅशियमपैकी) 80 टक्क्यांहून जास्त पेंढ्यात असतं. टनभर पेंढ्याबरोबर 14 किलो पोटॅशियम गेलं, तर त्याच्या भरपाईला साधारण 28 किलो म्युरेट ऑफ पोटॅश हे खत लागतं. तो खर्च विक्रीच्या भावातून वजा करून बघा. निदान धसकट तरी शेतात राहू द्या. पेंढा जाळणं तर निव्वळ तोटा, नत्र जवळजवळ सगळं उडून जातं.

शेतात गाडायचा असेल तर कापणीनंतर लगेच, ओल असताना. लावणीच्या तोंडावर गाडला की तो कुजताना मातीतलं नत्र ओढतो आणि रोपं पिवळी पडतात.

पेंढ्याची वैरण पौष्टिक करायला युरिया प्रक्रिया करतात. तिच्यात घाई करणाऱ्यांना कितीही सांगा, ऐकत नाहीत. प्रमाण ठरलेलं आहे: 100 किलो वाळलेल्या पेंढ्याला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, दाबायचा, हवाबंद करून 21 दिवस ठेवायचा. युरिया वाढवून दिवस कमी होत नाहीत, जनावराला विषबाधा मात्र होऊ शकते. काढलेला पेंढा उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवा, सुरुवातीला थोडाच द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही.

धिंगरी अळिंबीसाठी (ऑयस्टर मशरूमसाठी) भिजवलेला पेंढा मुठीत पिळल्यावर थेंब गळत असेल, तर पिशवी भरू नका.

गच्चीवर आच्छादन 5 ते 7 सेंटिमीटर पुरे, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. पावसाळ्यात ते पातळ करा, नाहीतर खाली गोगलगायी साठतात.