‘मोअर हायर’ टाळायचं असेल तर: इंग्रजी विशेषणांची तुलना कशी करावी

मराठीत तुलना करताना विशेषणाला आपण हातही लावत नाही. साल्हेर उंच, कळसूबाई साल्हेरपेक्षा उंच. सगळं काम ‘पेक्षा’ करतं, ‘उंच’ जागचा हलत नाही. इंग्रजीत ‘दॅन’ असला तरी विशेषणाला रूप बदलावं लागतं किंवा आधी ‘मोअर’ घ्यावं लागतं: कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर. (१६४६ मीटर आणि १५६७ मीटर.) आपल्या बहुतेक चुका इथेच होतात. कुणी ‘हाय दॅन’ म्हणतं, तर कुणी मनातलं ‘जास्त उंच’ तसंच उतरवून ‘मोअर हायर’.

आधी शब्द मोठ्याने म्हणा आणि ठोके, म्हणजे उच्चारातले तुकडे (सिलेबल), मोजा. स्पेलिंगमधली अक्षरं मोजू नका, ती फसवतात. ‘स्ट्रेंज’मध्ये सात अक्षरं, पण ठोका एकच, ‘ईझी’त चार अक्षरं आणि ठोके दोन.

एकच ठोका असेल तर शेवटी ई-आर लावा: टॉलर, चीपर, फास्टर. शेवटी ई आधीच असेल तर फक्त आर पुरतो, जसं लार्जर. ‘बिग’, ‘हॉट’, ‘थिन’ यांत एकट्या स्वरानंतर एकटं व्यंजन येतं. तिथे शेवटचं अक्षर दोनदा लिहायचं. ‘बिगर’मध्ये जी दोन. ‘चीप’मध्ये स्वराची अक्षरं दोन, म्हणून पी एकच. ‘लो’सारख्या शब्दातला डब्ल्यू मात्र कधीच दुप्पट होत नाही.

दोन ठोके आणि शेवटी वाय असेल तर वायचा आय करून ई-आर जोडा: हॅपिअर, ईझिअर. दोन ठोक्यांचे बाकीचे बहुतेक शब्द आधी ‘मोअर’ घेतात: मोअर मॉडर्न, मोअर युसफुल. ‘सिंपल’, ‘क्लेव्हर’, ‘नॅरो’ यांना दोन्ही चालतं. तीन किंवा जास्त ठोके असले की सरळ ‘मोअर’: मोअर एक्स्पेन्सिव्ह. ‘टायर्ड’, ‘बोरिंग’ अशा ई-डी किंवा आय-एन-जीवाल्या शब्दांनाही ‘मोअर’च, तिथे ठोके मोजत बसू नका.

आता पाठ करण्याचा भाग, आणि तो छोटा आहे: गुडचं बेटर, बॅडचं वर्स, फारचं फार्दर, लिटलचं लेस.

दोन खुणा एकदम नकोत. ‘बेटर’मध्येच ‘जास्त’ आलेलं असतं, म्हणून ‘मोअर बेटर’ चूक. अर्थात यावर फार हसायला नको. ‘श्रेष्ठ’ म्हणजेच मुळात ‘सर्वांत चांगला’, तरी आपण ‘श्रेष्ठतम’ म्हणतोच. त्यातला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीत ‘सर्वांत’ दाखवणारा ई-एस-टी मुळात एकच. ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ सख्खी भावंडं शोभतात.

फरक मोठा आहे हे सांगायला ‘व्हेरी’ चालत नाही. ‘खूपच उंच’ म्हणजे ‘मच टॉलर’. ‘थोडा उंच’ असेल तर ‘अ लिटल टॉलर’.

शेवटी वाक्य जुळवा. मराठीत ज्याच्याशी तुलना करायची तो बहुधा आधी येतो, इंग्रजीत तो ‘दॅन’च्या मागून. लिहिताना ‘दॅन’मध्ये ए आहे ना, ते बघा, ई लिहिलात तर त्याचा ‘मग’ होतो. आणि ऑफिसात रोज लागणारे ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’ हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आलेत. पुढे ‘टू’ लावलात की त्यांना ‘मोअर’ नको आणि ‘दॅन’ही नको: शी इज सीनिअर टू मी.