दुसऱ्याच्या पात्रावर कथा लिहिताना परवानगी कशी घ्यावी

नाशिकच्या आमच्या वाचनगटात एका महाविद्यालयीन मुलीने शंभर पानी वहीत लिहिलेली कथा वाचून दाखवली. एका गाजलेल्या कादंबरीत लेखकाने वाड्याच्या दारातच सोडून दिलेली विधवा आत्या तिने पुढची तीस वर्षे जगवली होती. ऐकणारे हेलावले, आणि मग तिने विचारले, "ही ऑनलाइन टाकली तर चालेल का?"

आधी मूळ कृतीवरचा हक्क अजून चालू आहे का, ते पाहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि ही वर्षे पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. नाशिककरांना हा हिशेब घरच्या उदाहरणांवरून समजेल. दादासाहेब फाळके १९४४ मध्ये गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरचा हक्क २००४ अखेर संपला. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी गेले. त्यांच्या साहित्यावरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील.

हक्क चालू असेल, तर आपण नेमके काय उचलले आहे हे प्रामाणिकपणे तपासावे. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, तिच्या मांडणीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. वाड्यात एकाकी पडलेली विधवा कुणीही रंगवावी. पण तीच आत्या, तेच नाव, तिची बोलण्याची लकब आणि मूळ प्रसंगांची साखळी घेतली, तर ते रूपांतराच्या जवळ जाते आणि रूपांतराचा हक्क मूळ लेखकाचा असतो. "श्रेय मूळ लेखकाचे, नफ्याचा हेतू नाही" ही ओळ सौजन्याची असली तरी ती परवानगीची जागा घेत नाही. खाजगी वापर, समीक्षा आणि परीक्षण यांना कायद्याने सूट दिली आहे, त्यामुळे वहीतल्या लेखनाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

परवानगी लेखीच मागावी. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर हक्क कुणाकडे आहेत ते छापलेले असते. लेखक हयात नसल्यास वारसांचा पत्ता प्रकाशकाकडे विचारावा. पत्र एका पानाचे असावे, आणि त्यात कोणते पात्र घेतले, कथा किती शब्दांची आहे, ती कुठे वाचता येईल आणि पैसे घेणार की नाही, हे चारही मुद्दे यावेत. कथा सोबत जोडावी, कारण आपल्या पात्राचे काय केले आहे हे पाहिल्याशिवाय कोणता लेखक होकार देईल? उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे. शिवाय हक्क प्रकाशकाला दिलेले असले, तरी आपली प्रतिष्ठा दुखावेल अशा विकृतीला विरोध करण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ नुसार कायम राहतो.

लेखकांनाही माझी कळकळीची विनंती आहे. विनामूल्य वाचनासाठी लिहिलेल्या कथांना कोणत्या अटींवर मुभा आहे, हे पुस्तकातच दोन ओळींत छापावे. आज नवखा वाचक धास्तीने लिहायचेच सोडतो, किंवा न विचारता टाकून मोकळा होतो.

त्या मुलीला पाच आठवड्यांनी उत्तर आले: ऑनलाइन वाचायला हरकत नाही, मात्र छापील संग्रहात घेऊ नये. ही अट तिने ऑनलाइन कथेच्या शीर्षकाखाली पहिल्याच ओळीत दिली आहे.