विद्यार्थिनी ड्युटीवर गप्पच राहतात? आधी आपल्या या चुका टाळा

जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी वॉर्डात सगळं नीट करते, पण डॉक्टर राऊंडला आले की इन्चार्ज सिस्टरच्या मागे जाऊन उभी राहते. "मॅडम, तुमीच सांगा ना." विदर्भातल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात मुलींना घेऊन गेलेल्या ट्यूटरला हे नवं नाही. मग आपण शेरा मारतो, हिच्यात लीडरशिपच नाही. माझ्या मते गडबड बहुतेकदा शिकवणाऱ्याकडे असते.

कामाचे तुकडे वाटणं

एकीकडे बीपी, दुसरीकडे टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), तिसरीकडे ड्रेसिंगचा ट्रे. कामं भराभर उरकतात, पण पेशंट कोणाचाच नसतो. त्यापेक्षा प्रसूती कक्षात एक बाई एका मुलीकडे सोपवा. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, तिनेच भरायचा: दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके आणि कळा. गर्भाशयाचं तोंड उघडण्याची रेषा अलर्ट लाइनच्या, म्हणजे तक्त्यावरच्या सावध करणाऱ्या छापील रेषेच्या, उजवीकडे सरकली, तर डॉक्टरांना कळवायचंही तिनेच. आपण शेजारी थांबायचं आणि धोका दिसला की लगेच हात घालायचा, पण ती चाचरते म्हणून पेन काढून घ्यायचा नाही. जिथे पार्टोग्राफ बाळंतपण झाल्यावर एका बैठकीत भरून टाकतात, तिथे मुली काय शिकत असतील ते वेगळं सांगायला नको.

डॉक्टरांशी आपणच बोलणं

फोनवर चार गोष्टी सांगायच्या असतात: आत्ता काय झालंय, आधीची हकिगत, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. मुली पहिल्या दोन सांगतात आणि थांबतात. कारण 'मला वाटतं' म्हटल्यावर "तू डॉक्टर आहेस का?" हे कुणीतरी कधीतरी ऐकवलेलं असतं. दुपारी वॉर्ड शांत असताना खोटा फोन लावून सराव घ्या: "सर, पहिलटकरीण आहे, नववा महिना. बीपी 160/110, डोकं दुखतंय, लघवीत प्रोटीन दोन प्लस. मला प्री-एक्लॅम्प्सिया वाटतो, तुम्ही लगेच या." (प्री-एक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा धोकादायक आजार.) शेवटची दोन वाक्यं बोलेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून घ्या. खरी केस समोर असताना मात्र सराव नको, तिथे वेळ जाता कामा नये. आणि डॉक्टरांनाही आधीच सांगून ठेवा की आज फोन विद्यार्थिनीचा येईल. एवढं सांगितलं तरी निम्मी धास्ती कमी होते.

दुभाष्या म्हणून वापरून घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. मेळघाटात कोरकू किंवा भामरागडकडे माडिया बोलणारी विद्यार्थिनी असली की "ए, हिला विचार गं" म्हणून तिला हाक मारतात आणि उत्तर मिळालं की परत पाठवतात. बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी जायचा हट्ट का धरते, घरी लहान लेकरं कोणाच्या भरवशावर आहेत, सासूला कसं समजवायचं, हे त्या खोलीत फक्त तिलाच कळत असतं. स्तनपानाचं, बाळाला ऊब देण्याचं समुपदेशन पूर्ण तिच्याकडे द्या, बाकीच्या मुली तिच्या हाताखाली. इंग्रजीत अडखळणारी हीच मुलगी तिथे कशी उभी राहते, ते बघा.

बाकी छोट्या चुका

नातेवाइकांसमोर रागावणं. एकदा तसं झालं की पुढचे कितीतरी दिवस ती मुलगी खाटेजवळ तोंड उघडत नाही. चूक घातक असेल तर तिथेच थांबवा, बाकीचं ड्युटी रूममध्ये बोला. दरवेळी त्याच बोलक्या मुलीला ग्रुप लीडर करणंही सोडा. आठवड्याला पाळी बदला आणि हँडओव्हर, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्यांना पेशंटची माहिती, प्रत्येकीला द्यायला लावा.

जबाबदारीच्या नावाखाली एकटं सोडणं

स्टाफ कमी आहे म्हणून नाइट ड्युटीला अख्खा वॉर्ड दोन मुलींवर टाकायचा आणि त्याला 'लीडरशिप' म्हणायचं, असंही चालतं. त्या रात्री काही बिघडलं तर ठपका त्यांच्यावर येतो आणि पुढे कुठलीही जबाबदारी घ्यायला त्या कचरतात. नोंदणीकृत सिस्टर त्याच वॉर्डात हजर नसेल, तर मुलींना तिथे ठेवू नका, आणि तसं मेट्रनना (रुग्णालयातल्या सिस्टरांच्या प्रमुखांना) लेखी कळवा.