सर्व्हरचं बिल कोण भरतंय?

२०२१ची तुळशीची लग्नं उरकली आणि दोनेक आठवड्यांत खणभागातल्या एका छापखान्याच्या काकांचा फोन आला. "अरे, तुझं ते कन्व्हर्टर गेलं कुठं? पत्रिकेचं मॅटर अडकलंय, गिऱ्हाईक दारात बसलंय."

सांगलीत कॉलेजात असताना आम्ही तिघा मित्रांनी हे कन्व्हर्टर लिहिलं. कोड सगळ्यांना खुला, वापर फुकट. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला युनिकोड मजकूर (मोबाइल-कॉम्प्युटरवर आता सगळीकडे चालणारी अक्षरं) छपाईची पानं लावायच्या पेजमेकरसाठी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये करायचा, किंवा उलटं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं याच्या उलट. जोडाक्षरांचं तर विचारूच नका.

साइट ज्यावर चालायची तो सर्व्हर, म्हणजे भाड्याचा कॉम्प्युटर, परदेशी कंपनीचा होता. महिना ५ डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. पैसे एका मित्राच्या कार्डावरून आपोआप कटायचे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला: ग्राहकाने आधी रीतसर मंजुरी नोंदवलेली नसेल तर कार्डावरून असे दरमहाचे पैसे कापायचे नाहीत. ते कटायचे थांबले. इशाऱ्याच्या मेल गेल्या मित्राच्या कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर, आणि मित्र नोकरीसाठी पुण्याला. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या एका फुकट साइटवर, असल्यामुळे वाचला. लोकांनी कळवलेल्या चुकांची यादी मात्र सर्व्हरवरच होती. ती गेली.

जेमतेम साडेचारशे रुपयांचं बिल. तेवढे आम्ही तिघांपैकी कुणीही चहा-भडंगात उडवत होतो. पण बिल कुणाच्या नावावर, पासवर्ड कुणाकडे, मेल कुठे येते, हे चार वर्षांत एकदाही कुणी विचारलं नव्हतं. नव्याने प्रकल्प उभा करणाऱ्याने मला पैशांबद्दल विचारलं, की मी आधी हे तीन प्रश्न विचारतो.

आम्ही तेव्हा उलटंच केलं. साइट पुन्हा उभी केली आणि माझ्या यूपीआयचा क्यूआर लावून मोकळे झालो. ५१, १०१, एकाचे ५००. सगळं माझ्या पगाराच्या खात्यात मिसळलं. मार्चमध्ये कुणी विचारलं, किती जमले? मला सांगता येईना. गणपती मंडळातसुद्धा पावतीपुस्तक असतं! नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळालेली भेट ५०,००० रुपयांच्या वर गेली तर ती करपात्र ठरते, हेही मला नंतर कळलं. आमची मजल तिथवर जाणार नव्हती, पण खातं वेगळं असावं हे तेव्हा उमगलं.

मग ओपन कलेक्टिव्हसारख्या देणग्या गोळा करायच्या साइटवर नोंदणी करून परदेशातूनही देणग्या घ्याव्यात, असं एकाचं म्हणणं पडलं. इथे सावध राहा. परदेशी देणग्यांना भारतात २०१०चा एफसीआरए कायदा आहे. सामाजिक किंवा शैक्षणिक कामासाठी असा पैसा घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. साडेचारशे रुपयांसाठी सीएच्या पायऱ्या कोण झिजवणार? संस्था नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात, आम्ही तिघं. २०२४ मध्ये झेरोधा या शेअर दलाली कंपनीने मुक्त सॉफ्टवेअरसाठी फ्लॉस फंड सुरू केला, पण त्याची मदतच १०,००० डॉलरपासून सुरू होते. ज्यांच्या कोडवर हजारो लोकांची कामं उभी आहेत त्यांनी जरूर अर्ज करावा.

खरा तोडगा पैशात नव्हताच. कन्व्हर्टर पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवरच चालणाऱ्या भाषेत लिहिलेलं, म्हणून सर्व्हर लागायचा. अक्षरांची अदलाबदल तर वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्येही होते. दोन रविवार विश्रामबागेत माझ्या खोलीवर बसून सगळं ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये उतरवलं आणि गिटहब पेजेस या गिटहबच्याच सोयीवर ठेवलं. तिथे साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याला १०० जीबी वाहतूक फुकट चालते. आमची साइट २ एमबीचीही नाही. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्रही तिथेच मिळतं. उरला फक्त डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा खर्च, वर्षाला हजाराच्या आसपास. वर्गणी मागायच्या आधी बिलाच्या प्रत्येक ओळीपुढे 'हे कशाला?' असं लिहून बघा. डेटाबेस किंवा लॉगिन लागत असेल तर हा मार्ग बंद, मग पदरमोड आलीच.

डोमेनचं ऐकून एका कॉम्प्युटर क्लासवाल्या दादांनी "मीच घेतो की माझ्या नावावर" म्हटलं. माणूस भला, तरी नको म्हणालो. पैसे घेतले, साइटच्या तळाला 'सौजन्य' म्हणून त्यांचं नाव टाकलं. मालकी आमच्याकडे ठेवली. डोमेन एकाच्या नावावर गेलं की भांडण झालं तरी पंचाईत, आणि तो विसरला तरी पंचाईत.

आता डोमेन भारतीय विक्रेत्याकडून, रुपयांत, पाच वर्षांचे पैसे एकदम भरून घेतलंय. डॉट ओआरजी दहा वर्षांपर्यंत घेता येतं, पण तेवढे जमले नाहीत. नूतनीकरणाची मेल तिघांनाही दिसेल अशा सामाईक पत्त्यावर येते. पासवर्डची एक प्रत मिरजेच्या मित्राकडे बंद पाकिटात आहे. त्याची बायको त्यावरून आम्हाला हसते. पाडव्याला प्रत्येकी २०० रुपये एका वेगळ्या बचत खात्यात जमा होतात. हिशोबाची फाइल कोडच्या शेजारीच, गिटहबवर. कुणी आकडा बदलला तर कधी आणि कुणी, ते तिथेच दिसतं. छापखान्याच्या काकांनाही त्या फाइलची लिंक दिलीय. ते कधी उघडत नाहीत, पण दर पाडव्याला १५१ रुपये पाठवतात आणि मागाहून फोन करून "जमा केलेस ना?" असं विचारतात.