जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स थांबली. तेव्हापासून इंदूरच्या मराठी घरांतून एकच प्रश्न कानावर येतो, "आमच्या मशीनवर अकरा चालेल, की नवीनच घ्यावं?" राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, टिळक नगर, कुठेही जा. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला एखादा लॅपटॉप किंवा मुलं पुण्याला गेल्यावर मागे राहिलेला डेस्कटॉप घरात असतोच. मशीन ठणठणीत चालत असतं आणि पडद्यावर मात्र येतं की हा पीसी विंडोज ११ च्या अटी पूर्ण करत नाही. ते वाचून कुणी मशीन कबाड्याला देतं, तर कुणी ओळखीच्या मुलाकडून कसंबसं अकरा टाकून घेतं.

दोन्ही घाईचं आहे. त्या एका संदेशामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक तर लागणारी वस्तू मशीनमध्ये नाहीच, किंवा आहे पण बंद ठेवलेली आहे. यातलं कोणतं, हे आधी मशीनलाच विचारायचं. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे छोटं मोफत ॲप नेमकं कुठे अडलंय ते सांगतं. ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या.

स्टिकर बघून ठरवणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. राजेंद्र नगरच्या एका काकूंनी लॅपटॉप पुढे केला आणि म्हणाल्या, "अरे, यावर आय फाइव्ह लिहिलंय, जावयाच्या नव्या लॅपटॉपवरही तेच लिहिलंय. मग त्यांचा चालतो आणि माझा का नाही?" प्रश्न रास्त होता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं, तर उजवीकडे वर नाव दिसलं: आय५-६२००यू. चार आकडी नंबरातला पहिला आकडा म्हणजे पिढी. हा सहाव्या पिढीचा, २०१५ सालचा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद आहेत, ते घरगुती मशीनमध्ये सहसा नसतात. म्हणजे आय५-७२००यू बाद आणि आय५-८२५०यू पास. नंबर पाच आकडी असेल, जसं आय५-१०२१०यू, किंवा चार आकडी असूनही १ ने सुरू होत असेल, तर पहिले दोन आकडे वाचायचे. एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचे चालतात, पण त्या मालिकेत मध्येच काही सुटलेले आहेत, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाव बघूनच खात्री करा.

वेग आणि पात्रता यांचा संबंध लावू नका. २०१३ चा आय७-४७७० आजही दमदार प्रोसेसर आहे, पण यादीत नाही. सेलेरॉन एन४०२० अगदी साधा, तरी यादीत आहे. चार जीबी रॅमच्या अशा लॅपटॉपवर अकरा रीतसर बसतं आणि मग ब्राउझरचे चार टॅब उघडले की मशीन घुटमळतं. 'पात्र आहे' हे वाचून खूश होण्याआधी रॅम आणि डिस्क बघायलाच हवी.

जुना, दुरुस्त करून विकलेला कॉम्प्युटर जेल रोडवरून घ्या नाही तर ऑनलाइन मागवा, पैसे देण्याआधी प्रोसेसरचं पूर्ण नाव स्वतः पडद्यावर वाचा. विंडोज ११ आधीच टाकलेलं आहे, एवढ्याने मशीन पात्र ठरत नाही. चौथ्या पिढीच्या मशीनवरही आडवाटेने ते टाकता येतं. ॲक्टिव्हेशन, म्हणजे विंडोजचा परवाना लागू झालाय का, हेही सेटिंग्जमध्ये बघून घ्या.

बायोसमध्ये उलट्या क्रमाने हात घालणं

प्रोसेसर पात्र आहे आणि तरी नकार येतोय, तर बहुतेक वेळा टीपीएम २.० किंवा सिक्युअर बूट बंद असतं. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय. आठव्या पिढीनंतरच्या मशीनमध्ये ती जवळपास नेहमी असतेच. इंटेलच्या बोर्डावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ती पीटीटी नावाने सापडते, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर ती बरेचदा बंदच असते. चालू केलं की झालं, वेगळी चिप विकत घ्यायची गरज नाही. कुणी घ्यायला सांगत असेल तर आधी बायोस उघडून दाखवायला सांगा.

सिक्युअर बूटचं मात्र जपून. त्यासाठी मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू व्हावं लागतं, आणि जुन्या मशीनमध्ये विंडोज पुष्कळदा लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीने टाकलेलं असतं, डिस्क एमबीआर या जुन्या रचनेची असते. लोक बायोसमध्ये जाऊन थेट लेगसीचं यूईएफआय करतात. पुढच्या क्षणी काळ्या पडद्यावर येतं की बूट करायला डिस्कच नाही. मग घबराट, मग दुकान, आणि दुकानात पहिलं वाक्य ऐकू येतं, "फॉरमॅट मारावं लागेल." थांबा. तुमचा डेटा जागेवरच आहे. बायोसमध्ये परत जाऊन लेगसी किंवा सीएसएम (जुनी पद्धत चालू ठेवणारी सेटिंग) पूर्वीसारखं केलंत की विंडोज १० पुन्हा उघडतं.

बरोबर क्रम असा. आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मग बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या आणि ते तात्पुरतं थांबवा, कारण बायोस बदलला की मशीन तीच की मागतं, आणि ती नसेल तर आपल्याच फोटोंना आपण मुकतो. त्यानंतर विंडोजमधल्याच 'एमबीआर टू जीपीटी' या कमांडने, आधी फक्त तपासणी करून आणि ती पास झाल्यावरच, डिस्कची रचना जीपीटी या नव्या प्रकाराची करा. यात फायली पुसल्या जात नाहीत. डिस्कवर तीनहून जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर कमांड नकार देते. सी, डी, ई असे भाग पाडून घेण्याची आपल्याकडे सवय आहे, त्यामुळे हे बरेचदा आडवं येतं. हे सगळं झाल्यावर मग बायोसमध्ये यूईएफआय आणि सिक्युअर बूट.

सीएसएम बंद केल्यावर पडदाच काळा राहिला, तर जुन्या ग्राफिक्स कार्डावर संशय घ्या. कित्येक जुन्या कार्डांना यूईएफआय कळतच नाही. कार्ड काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या पोर्टला लावून बघा, अर्थात प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर. आणि केलेल्या सेटिंग रात्रीत पुसल्या जात असतील, तारीख मागे जात असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. किरकोळ किमतीची वस्तू, पण ती संपलेली असली की तारीख चुकते, तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडत नाहीत, आणि लोक दोष देत बसतात विंडोजला.

मशीनवर काय काम चालतं ते न विचारणं

घरच्या लॅपटॉपचं ठीक आहे. पण पतसंस्था, छपाईवाले, आडतीची दुकानं इथे अजूनही डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरच्या फॉक्सप्रो सॉफ्टवेअरमध्ये बांधलेले हिशेबाचे प्रोग्राम चालतात. ते ३२-बिट विंडोजवर चालत होते. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, आणि ६४-बिट विंडोजवर जुने डॉसचे व १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. अपग्रेड करताना कुणी विचारत नाही आणि सोमवारी सकाळी खातेदार समोर उभा असताना खातंच उघडत नाही. शिवाय ३२-बिट विंडोज १० वरून थेट अपग्रेड होतच नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. अशा मशीनचं इंटरनेट काढून टाका, ते आहे तसंच चालू द्या, रोज पेनड्राइव्हवर प्रत घ्या, आणि ऑनलाइन कामासाठी दुसरं मशीन ठेवा. माझं मत याबाबत ठाम आहे: चालत्या खतावणीवर प्रयोग नको.

मराठी पत्रिका आणि स्मरणिका करणाऱ्यांकडे जुन्या टाइपिंग प्रोग्रामचा यूएसबी डोंगल असतो, तो लावल्याशिवाय प्रोग्राम चालत नाही. फॉन्ट नव्या विंडोजवर दिसतील, पण डोंगलचा जुना ड्रायव्हर 'मेमरी इंटेग्रिटी' या सुरक्षेमुळे अडू शकतो. एमपी ऑनलाइनचं, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी ऑनलाइन सेवांचं, काम करणाऱ्यांनी बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर आणि आधारसाठी लागणारं आरडी सर्व्हिस हे सॉफ्टवेअर, दोन्ही अकरावर चालतात का हे यंत्राच्या कंपनीच्या साइटवर आधी बघावं. डिजिटल सहीच्या टोकनलाही तेच लागू.

हार्ड डिस्क तशीच ठेवणं

जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर अपग्रेडनंतर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के दिसते आणि मशीन दहा-दहा मिनिटं जागं होत नाही. एसएसडी बसवा आणि रॅम किमान आठ जीबी करा. अटीत चार जीबी लिहिलेत, पण त्यात काम होत नाही. पैसे थोडेच असतील तर आधी एसएसडी.

आडवाटेने अकरा टाकणं

रूफससारखं साधन वापरून अटी ओलांडता येतात. मशीन चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. २४एच२ आवृत्तीपासून तर प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना असाव्याच लागतात, त्यामुळे कोअर टू ड्युओवर ते सुरूच होत नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं तिथे ही वाट मी कुणालाही सुचवत नाही.

मग अपात्र मशीनचं काय? घाई नसेल तर विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. २२एच२ आवृत्ती असावी, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावं आणि विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक केल्या की पैसे न भरता नाव नोंदवता येतं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तो दुवा दिसतो.

दुसरा पर्याय लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. काकूंच्या लॅपटॉपवर एसएसडी घालून तेच टाकलं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात बसतो, व्हिडिओ कॉल आणि यूट्यूब निर्धास्त चालतं. डिस्कवर काही न टाकता पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, तेव्हा वायफाय, आवाज, कॅमेरा तिथेच तपासा. टॅली किंवा डिजिटल सही लागणाऱ्यांनी हा मार्ग घेऊ नये. घरात कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर असेल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर सहजासहजी जुळत नाही, हेही आधी लक्षात घ्या.

अपग्रेड मध्येच अडकलं तर

पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा डेस्कटॉप यूपीएसवर आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवूनच सुरू करा. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर तोही यूपीएसवर. बायोस अपडेट करताना तर वीज जाणं परवडणारच नाही. ०x८००७००७० आला तर सी ड्राइव्हवर जागा कमी आहे. ०xसी१९००१०१ ने सुरू होणारा कोड ड्रायव्हरकडे बोट दाखवतो: प्रिंटर, डोंगल, पेनड्राइव्ह सगळं काढा, बाहेरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा आणि पुन्हा प्रयत्न करा. ०xसी१९००२०८ म्हणजे एखादा न जुळणारा प्रोग्राम आडवा आलाय.

अपग्रेड झाल्यावर पहिल्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, टोकन, टॅली, सगळं एकदा प्रत्यक्ष वापरून बघा. या मुदतीत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून विंडोज १० वर परत जाता येतं. तोवर जागा मोकळी करायच्या नादात 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर उडवू नका.