बॅकलिंक विकत घेण्याआधी आपल्या वेबसाइटच्या या चुका बघा

शिरोलीतली फाउंड्री असो, हुपरीतलं चांदीचं दुकान असो की महाद्वार रोडवरचं चपलांचं, वेबसाइट सुरू झाली की मालकाला फोन येऊ लागतात: अमुक पैशांत पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटांवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका) देतो, गुगलच्या पहिल्या पानावर आणतो. बरीच मंडळी पैसे देऊन मोकळी होतात. इकडे साइट गुगलला मुळात वाचताच येत नसते आणि तिकडे लिंकांचा ढीग लागत असतो.

म्हणून सुरुवात सर्च कन्सोलपासून करा, म्हणजे गुगलला तुमची साइट कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्याच साधनापासून. ते फुकट आहे. डोमेन (साइटचं नाव) जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंग्जमध्ये सर्च कन्सोलने दिलेली एक ओळ 'टीएक्सटी रेकॉर्ड' म्हणून टाकली की मालकी सिद्ध होते. खातं मात्र स्वतःच्या ईमेलवर उघडा, साइट करून देणाऱ्याच्या नको. त्याच्याशी बिनसलं की सगळी माहिती त्याच्याकडेच राहते. मग वरच्या चौकटीत एकेका पानाचा पत्ता टाकून ते इंडेक्स झालंय का, म्हणजे गुगलच्या यादीत आलंय का, बघा.

झालं नसेल आणि साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर असेल, तर पहिला संशय त्याच्या सेटिंग्जवर. 'रीडिंग'मध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करणारी एक टिक असते. साइट तयार होत असताना ती केली जाते आणि उद्घाटनाच्या गडबडीत काढायची राहते. दुसरा संशय रोबोट्स फाइलवर (robots.txt, सर्च इंजिनांनी कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल): तिथे 'डिसअलाऊ'पुढे नुसती एक तिरकी रेघ असेल तर गुगलला अख्ख्या साइटची दारं बंद. याच्या उलट चूकही होते. एखादं पान गुगलवरून काढायचं म्हणून लोक त्याला नोइंडेक्स ('हे पान यादीत घेऊ नका' अशी पानातली खूण) लावतात आणि रोबोट्स फाइलमध्येही अडवतात. अडवलं की गुगल पान उघडतच नाही, मग नोइंडेक्स त्याला दिसणार कुठून? पान काढायचंय तर ते उघडं ठेवून फक्त नोइंडेक्स लावा.

मराठी साइटांची खास दुखणी वेगळीच आहेत. मजकूर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या किंवा कृतीदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये येतो आणि तसाच साइटवर चढतो. आपल्याला पडद्यावर मराठी दिसतं, गुगलला मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. खात्री करायची तर साइटवरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंचात) आहे, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढा. काढल्यावर रफार, अर्धा र आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. घोळ तिथेच होतो. दरपत्रक फोटोच्या रूपात टाकणं हाही त्यातलाच प्रकार. दर पानावर अक्षरांत लिहा, फोटो सोबत राहू दे.

पानाचा पत्ता मराठीत ठेवायला गुगलची हरकत नाही. पण वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या शेवटच्या, पानाच्या नावाच्या तुकड्याला २०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, आणि एन्कोड झाल्यावर (म्हणजे रोमन अक्षरं, आकडे आणि टक्क्याच्या खुणांत बदलल्यावर) एकटा 'क' नऊ कॅरेक्टर खातो. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे बाविसेक चिन्हांनंतर पत्ता गुपचूप कापला जातो. पत्ता छोटा ठेवा किंवा रोमन लिपीत लिहा.

पानाच्या तळाशी 'कोल्हापुरी चप्पल, कोल्हापूर चप्पल, स्वस्त कोल्हापुरी चप्पल' अशी माळ ओवण्याने काही होत नाही. मेटा कीवर्ड्सचा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली शोधशब्दांची यादी) तर रँकिंगसाठी वापरत नसल्याचं गुगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय. त्याऐवजी कापशी या कोल्हापुरी चपलेच्या प्रकाराला स्वतंत्र पान द्या: चामडं कोणतं, तळ किती थरांचा, माप कसं घ्यायचं, पावसात भिजली तर काय करायचं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन (जीआय) महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना आहे, हे कितीतरी गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. ते नीट समजावणारं पान असेल तर पर्यटनावर लिहिणारे आपणहून त्याला लिंक देऊ शकतात. नुसत्या 'आमच्याविषयी' पानाला कोण कशाला देईल?

आता त्या पाचशे लिंका. विकतच्या लिंकांना आळा घालायला गुगलने क्रमवारीच्या पद्धतीत 'पेंग्विन' नावाचं अपडेट आणलं ते २०१२ मध्ये. २०१६ पासून तर अशा लिंकांची किंमतच शून्य धरण्याकडे त्याचा कल आहे, म्हणजे पैसे बहुतेक पाण्यात. प्रकरण फार वाढलं तर मॅन्युअल अ‍ॅक्शन (गुगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) येते, ती सर्च कन्सोलमध्ये दिसते. विकणारा 'डीए' (डोमेन ऑथॉरिटी, साइटचं वजन दाखवणारा आकडा) दाखवून भुलवतो. तो आकडा मॉझ या कंपनीचा आहे, गुगल तो वापरत नाही. मॅन्युअल अ‍ॅक्शन आलेली नसेल आणि येण्यासारखं काही केलं नसेल, तर डिसअवाव टूलला ('या लिंका मोजू नका' असं गुगलला कळवण्याच्या साधनाला) हात लावू नका. त्यात भलतं डोमेन टाकलं तर चांगली लिंकही जाते.

खऱ्या लिंका ओळखीच्या माणसांकडेच असतात. तुमचा माल विकणाऱ्या डीलरचं पान, उद्योजक संघटनेची सभासद यादी, यंत्र पुरवणाऱ्या कंपनीची ग्राहक यादी, तुमच्याविषयी बातमी छापून लिंक न दिलेलं वर्तमानपत्र. चार ओळींचा मेल करा आणि नेमक्या कोणत्या पानाला लिंक हवी ते सांगा. प्रत्येक लिंकवर 'बेस्ट कोल्हापुरी चप्पल' असे तेच ते शब्द मागू नका, दुकानाचं नाव पुरे. पैसे देऊन जाहिरात केली असेल तर त्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी कोडमधली खूण लावायला सांगा.

मिळालेल्या लिंका घालवण्याचा हमखास मार्ग म्हणजे नवी साइट. पत्ते बदलतात, जुने मरतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या लिंका ४०४ वर ('पान सापडलं नाही' या संदेशावर) जाऊन आपटतात. साइट बदलण्याआधी सर्च कन्सोलच्या 'लिंक्स' अहवालातून पानांची यादी काढा आणि प्रत्येक जुन्या पानाचं त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळवणं) लावा. सगळी होमपेजकडे वळवली तर गुगल ती न सापडलेलीच समजू शकतो. रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा.

दुरुस्ती झाली की सर्च कन्सोलमध्ये त्या पानासाठी 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' एकदाच दाबा. पुन्हा पुन्हा दाबल्याने नंबर लवकर लागत नाही. काही दिवस ते काही आठवडे धरून चाला.