जुनी जखम आणि शाळेची पट्टी

तीस वर्षं सरकारी दवाखान्यात लोकांची ड्रेसिंगं केली, आणि घरातलीच जखम ओळखायला चुकले. मामंजींच्या पोटरीवर तरुणपणी तासगावकडच्या एका गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस सांडला होता. ते कातडं दर उन्हाळ्यात फुटायचं. हळद भरायची, खपली धरायची. एका वर्षी ती धरेचना.

भाजल्याचा जुना व्रण, पायाचा शिरांचा अल्सर, हाडातून वाहणारी जखम, यांत वीस-तीस वर्षांनीसुद्धा कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात; त्या फ्रेंच सर्जननं १८२८ मध्ये अशा जखमांचं वर्णन केलं होतं. रोज परकराची नाडी किंवा धोतर काचतं तिथली कमरेची कातडीही बघत जा बायांनो, तिथंही होतो.

महिन्यातून एकदा, ड्रेसिंग सोडल्यावर, उजेडात बसा. जखमेला न लावता शेजारी शाळेची पट्टी धरून फोटो काढा. तारीख फोनमध्ये राहतेच. मग कडा बघा. भरत असलेल्या जखमेची कड सपाट, उतरती असते. कड जाड, कडक होऊन बाहेर वळली असेल, आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस वाढलं असेल, नुसता कापूस लागला तरी रक्त येत असेल, वास बदलला असेल, तर थांबू नका. तीन महिन्यांत भरली नाही तरीही जा. दुखत नाही म्हणून बसू नका, जुन्या व्रणात संवेदना कमीच असते. पायाची जखम असेल तर जांघेत अवधाण आलंय का, तेही चाचपा.

डॉक्टरांना सरळ म्हणा, "जखमेचा तुकडा तपासायला पाठवा." आमचा पहिला तुकडा मधूनच घेतला गेला आणि रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. मधे बहुतेक मेलेलं मांस असतं. तुकडे कडेचे हवेत, तेही तीन-चार ठिकाणचे. रिपोर्ट चांगला आला आणि जखम वाढतच राहिली, तर पुन्हा काढायला सांगा. मी संकोचले, त्यात चार महिने गेले.

दुसऱ्यांदा मिरजेला तपासलं, तेव्हा कॅन्सर निघाला. जखम आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढली, मांडीची कातडी लावली. पाय वाचला. रेशनकार्ड आणि आधार आधीच पिशवीत ठेवा. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेसाठी पहिल्याच दिवशी मागतात.

मामंजी आता फोटोच्या दिवशी स्वतःच पट्टी घेऊन ओट्यावर बसतात.